दुप्पट वेगाचं गाणं

भोंग्यानं शूटिंगसाठी दिवाणखाना रिकामा करून सगळं सामान गच्चीवर हलवलं, तेव्हाच ताईनं बजावलं, "उशा दोनच मिळतील. तिसरी मागितलीस तर तुझीच पिसं काढीन."

भोंगा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी उठसूट गळा काढायचा, म्हणून हे नाव पडलं. आता तो गाण्यांचे व्हिडिओ करायला निघाला होता आणि हे त्याचं पहिलंच काम. गायिकेनं आधीच्या दोन दिग्दर्शकांना घरी पाठवलं होतं. "शॉट पसंत पडला नाही, तर तिसराही जाईल हं," असं तिनं गोड हसून सांगितलं होतं.

शॉट असा, की ती गाता गाता उशी फाडणार आणि पिसं तिच्याभोवती संथ तरंगणार. त्यासाठी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, तिनंही तसंच भराभर गायचं. मग चित्र निम्म्या वेगानं दाखवलं, की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि पिसं मात्र ढगांसारखी रेंगाळतात.

पहिली उशी फाटली. आतल्या खोलीतल्या यंत्रावर गाणं चिवचिवू लागलं. तेवढ्यात भावजी दुकानातून घरी आले. रेडिओ दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तो चिवचिवाट ऐकून त्यांना राहवेना. त्यांनी आत जाऊन एक बटण फिरवलं आणि गाणं सुतासारखं सरळ केलं. बाहेर गायिका गाण्याच्या पुढे पळाली, अडखळली आणि थांबली.

"भावजी, काय केलंत हे!"

"बिघडलं होतं, नीट केलं. घरचंच काम, आभार कसले मानतोस?"

भोंग्यानं कपाळावर हात मारला, पण मग त्यांना शांतपणे सगळं समजावून सांगितलं.

"असं होय? म्हणजे आत्ताची घाई नंतर निम्मी होते," भावजी म्हणाले. "आता गाण्याला बोटसुद्धा लावणार नाही."

दुसरी उशी, म्हणजे शेवटची. पिसं झकास उडाली. ओठ कुठे चुकेनात. भोंगा श्वास रोखून बघत होता आणि स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. ताई शॉटसाठी दिवा धरून उभी, तिला जागचं हलता येईना. तिनं भावजींकडे बघून नुसते डोळे वटारले. भावजी ताडकन उठले आणि गायिकेच्या पाठीमागून, थेट चित्रातून, स्वयंपाकघराकडे धूम पळाले.

"संपलं!" भोंगा मटकन खाली बसला.

गायिकेनं शॉट निम्म्या वेगानं लावून पाहिला. ओठ तंतोतंत जुळले होते, पिसं तरंगत होती. आणि मागून, डोक्यावर दोन पिसं घेऊन, भावजी गजगतीनं चालले होते. जणू जगात कशाचीच घाई नाही.

"हे कोण?"

"माझे... मेहुणे," भोंगा म्हणाला.

"एवढ्या वादळात केवढा निवांत माणूस! यांना मुळीच काढू नकोस. आणि पुढचं गाणंही तूच कर."

भोंग्याला आभाळ ठेंगणं झालं. भावजींनी मिशीवरून हात फिरवला. ताई मात्र पडद्याकडेच बघत राहिली.

"का गं, तुला नाही आवडलं?"

"आवडलं रे. पण एकवीस वर्षांच्या संसारात हे माझ्या कामासाठी पळताना आज पहिल्यांदा दिसले. आणि तू नेमकं तेवढंच हळू केलंस!"