सीटवरून ट्रॅक्टरची पारख

"इंजिन खोटं बोलेल, मीटर खोटं बोलेल, मालक तर बोलेलच बोलेल! पण सीट? सीट कधी खोटं बोलत नाही!"

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर ट्रॅक्टरच्या सीटा आणि हुड शिवण्याचं दुकान चालवणारे मुबीनभाई हे वाक्य दिवसातून निदान चार वेळा म्हणत. वीस वर्षांत हजारभर सीटा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. सीटवर नुसता हात फिरवला की ट्रॅक्टरची कुंडली कळते, हा त्यांचा दावा. नांगरणीवाला उजवीकडे वळून वळून बघतो, म्हणून त्याची सीट उजवीकडे दबते. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा जीव मुठीत धरून दोन्हीकडे बघतो, म्हणून त्याची मधोमध उसवते! ऐकणारे माना डोलवत. मुबीनभाईंनी स्वतः आयुष्यात एकदाही ट्रॅक्टर चालवला नव्हता. पण तसं कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगत सुटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुकानावर पाटी मात्र होती, ‘सीट बदला, ट्रॅक्टर नवा!’ ही पाटी आणि ते वाक्य एकमेकांच्या उरावर बसलेत, हे वीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ऑक्टोबरात एके दिवशी जान्या दुकानात आला.

जान्या धडगावकडच्या एका पाड्यावरचा. दरवर्षी दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको रमिलाबाई ऊसतोडीला गुजरातेत जात, आणि बस लागेपर्यंत मुबीनभाईंच्या पायरीवर बसत. मुबीनभाई त्यांना चहा पाजत आणि चहाबरोबर सीटचं तत्त्वज्ञानही पाजत. या खेपेला जान्या पायरीवर न बसता सरळ आत आला.

"भाऊ, ट्रॅक्टर लेवाना शे. जुना. सारंगखेडाले एक शे. तू दखी सांग. तू हा म्हणशी तर लिसूत, नही म्हणशी तर नही!"

मुबीनभाईंच्या हातातली सुई थांबली.

"आमी तीन भाऊसनी चार साल पैसा जमाडा," जान्या पुढे म्हणाला. "मन्ही सुनिता पाचवीले शे. दर साले दिवाळी व्हयनी की तिले शाळामाईन काढीसन लई जाणं पडस. ट्रॅक्टर उना तर या साले जावानंच नही. पण ऊसतोडना मुकादमले दिवाळीपह्यले जबाब देणा शे."

मुबीनभाईंनी सुई रेक्झिनात टोचून ठेवली. स्टँडवर फुशारकी मारणं वेगळं आणि तीन भावांची चार वर्षांची कमाई एका ‘हा’वर टांगणं वेगळं! ‘बाबा रे, एखादा मेकॅनिक घेऊन जा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ वीस वर्षांच्या सवयीची.

"काय काळजी करस!" जीभ म्हणाली. "मी शे ना!"

त्या रात्री त्यांना झोप म्हणून लागली नाही. त्यात घरात त्यांच्या बायकोने, सालेहाबींनी, ट्रंक उपसली होती. थंडीच्या तोंडावर त्यांना आपली माहेरची रजई हवी होती, गुलाबी, कोयऱ्यांची. ती पावसाळ्यापासून गायब होती आणि संशय शेजारच्या कौसाबाईवर होता. चार महिने दोन्ही घरांत बोलणं बंद! रजईचं नाव निघालं की मुबीनभाईंना हटकून दुकानातलं काहीतरी काम आठवे.

"तुम्ही सारंगखेडाले जाई ऱ्हायनात ना? मी बी येस," सालेहाबी म्हणाल्या. "मन्ही बहीण तठे शे. तिनी तर नही ना नेई, ते बी दखी लेसू!"

झालं! सकाळी सातला शहाद्याहून एसटीत चौघं बसले. जान्याच्या कमरेला बयाण्याच्या पैशांची पिशवी, सालेहाबींच्या डोक्यात रजई, मुबीनभाईंच्या डोळ्यांत रात्रीचं जागरण, आणि रमिलाबाईच्या थैलीत दगड. चांगला काळा, तिकोनी, पाच किलोचा दगड!

"वहिनी, हाऊ दगड कसाले?"

"गाडीले लागस," रमिलाबाई म्हणाली.

धडगावच्या घाटात जीप चढावर थांबली की आधी चाकामागे दगड लावतात, मग खाली उतरतात. ब्रेकवर विश्वास ठेवण्याची तिकडे रीत नाही. मुबीनभाई मोठ्याने हसले. "अहो, सारंगखेडा तळहातासारखं सपाट शे!" रमिलाबाईने थैली मांडीवर नीट धरली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

ट्रॅक्टरचे मालक उमाकांत आप्पा. त्यांनी ट्रॅक्टर गोठ्याच्या सावलीत नवरीसारखा सजवून ठेवला होता. धुतलेला, पुसलेला, बोनेटवर हळदकुंकू, वर झेंडूचा हार! आप्पा म्हणाले, "एक हातनी गाडी! फक्त घरनी शेती. लेकरूनागत सांभाळेल शे!"

रमिलाबाई पुढे झाली आणि इंजिनावर तळवा ठेवला.

"गरम शे."

"ऊन शे ना बाई!"

सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि गोठ्यात उन्हाचा कवडसाही नव्हता. थंड इंजिन सहज सुरू होत नसेल, तर विकणारा ते आधीच चालवून गरम करून ठेवतो. जान्याने मुबीनभाईंकडे पाहिलं. मुबीनभाईंनीही इंजिनावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं."

या ‘हं’चे निदान सहा अर्थ निघत होते. त्यातला एकही मुबीनभाईंना ठाऊक नव्हता.

"भाऊ, धूर दखना का?" जान्या कानाशी लागला.

"दखू ना."

"गियर? लिफ्ट? क्लच?"

"समदं दखू! घाई काय शे?" मुबीनभाईंच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. कुठे बघावं कळेना. डबे, नळ्या, वायरी, सगळं परक्या मुलखातलं! शेवटी नजर सीटवर गेली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

काय सीट होती! काळं रेक्झिन तंग ताणलेलं, दुहेरी टीप, कोपरे असे वळवलेले की बघत राहावं. ना उजवीकडे दबलेली, ना डावीकडे, ना मधोमध उसवलेली. मुबीनभाईंचा ऊर भरून आला.

"जान्या, दख! ह्याले शिलाई म्हणतस! ही कंपनीनी मूळ सीट शे. असा हात आख्खा शहादामा कोणानाच नही! या सीटवर कोणी धड बठेलच नही, म्हणजे ट्रॅक्टर वापरेलच नही!"

उमाकांत आप्पा क्षणभर गोंधळले. मग हात जोडून म्हणाले, "तुमनासारखा जाणकार म्हणस, तर कंपनीनीच!"

जान्याचा चेहरा उजळला. त्याचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. मुबीनभाई तो हात जाताना बघत राहिले. थांब म्हणावं? कशासाठी म्हणावं? आपण चुकलो असलो तर? पोरीची शाळा...

"चढवर नेऊत," रमिलाबाई म्हणाली.

"चढ?" आप्पा दचकले. "वावरमा चालाडा ना! चढ कसाले?"

"आमना गावले सपाट जागाच नही."

आप्पांनी बोनेटवरचा हार उतरवून बाजूला ठेवला. तापीच्या काठावर नदीत उतरणारा एक गाडीरस्ता होता, चांगला घसरता. तिथे खालून वर ट्रॅक्टर चढवायचं ठरलं. आप्पांनी मुबीनभाईंपुढे किल्ली धरली. "तुम्हीच चालाडा!"

"मी?" मुबीनभाई दोन पावलं मागे सरले. "पारखी चालाडत नसस, ऐकत असस! जान्या, तू बठ. मी मडगार्डवर बठीसन आवाज ऐकस!"

जान्याला ऊसतोडीच्या तळावर ट्रॅक्टरचा हात बसला होता. त्याने गियर टाकला. मडगार्डवर मुबीनभाई डोळे मिटून बसले. पाहणाऱ्यांना वाटावं आवाज ऐकताहेत. ते कुराणातली, संकटात म्हणायची आयतुल कुर्सी म्हणत होते.

अर्ध्या चढापर्यंत ट्रॅक्टर गेला. मग त्याने एक दीर्घ खोकला काढला, काळ्या धुराचा लोट सोडला आणि थांबला. जान्याने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. ट्रॅक्टरने विचार केला आणि हळूच मागे निघाला. मागे तापी होती!

"भाऊ, ब्रेक लागत नही!"

"या अल्ला! लाव! जोरमा लाव!"

"दोन्ही पाय देल शेतस!"

काठावर सालेहाबींनी किंकाळी फोडली. आप्पा "गियर टाक, गियर!" ओरडत नाचू लागले. मुबीनभाईंनी जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. हाताला लागली सीटची मागची कड. ट्रॅक्टर वेगात आला, मुबीनभाई लोंबकळू लागले आणि टर्र, टर्र, टर्र अशी टीप उसवत गेली.

एवढ्यात रमिलाबाई धावली. तिने थैलीतून दगड काढला, मोठ्या चाकामागे नेमका सरकवला आणि बाजूला झाली. धाडकन हिसका बसला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मुबीनभाई थांबले नाहीत. ते मडगार्डवरून सुटले आणि काठच्या गवतात बसते झाले.

कोणाला काही लागलं नव्हतं. सालेहाबी रडत धावत आल्या. "अहो! तुमले काही..."

आणि त्या मध्येच थांबल्या.

मुबीनभाईंच्या दोन्ही मुठींत गुलाबी कोयऱ्यांची चांगली दोन हात रजई होती. तिचं दुसरं टोक अजून ट्रॅक्टरच्या सीटमध्येच होतं!

सालेहाबींनी वाकून ते कापड उलटसुलट करून पाहिलं.

"हाई मन्ही रजई शे," सालेहाबी हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाज जास्त वाईट. "मन्ही अम्मीनी देल रजई. आन मी चार महिना कौसाबाईसंगे बोलनू नही!"

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, सारंगखेड्याहून रिक्षात घालून एकदम सहा सीटा शिवायला आल्या होत्या. सहाव्या सीटला फोम संपला. गिऱ्हाइकांची घाई, घरात ट्रंक उघडी. पुढचं सीटनेच सांगितलं. मुबीनभाईंनी ज्या शिलाईला कंपनीची म्हणून सलाम ठोकला होता, ती त्यांची स्वतःचीच होती!

"मंग कंपनी म्हणजे तुम्हीच का?" उमाकांत आप्पांनी कपाळावर हात मारला. आता त्यांनाही लपवण्यात अर्थ वाटेना. सहा हंगाम हा ट्रॅक्टर कारखान्याला उसाच्या जोडट्रॉल्या ओढत होता. "पण मी काय गुन्हा करा? तुमनीच पाटी वाची आन सीट धाडी. सीट बदला, ट्रॅक्टर नवा!"

मुबीनभाईंना आपलीच पाटी अशी तोंडावर बसेल असं वाटलं नव्हतं. त्यांना जान्याकडे बघवेना. आणखी घटकाभराने पिशवी सुटली असती, आणि सुनिता पुन्हा अर्ध्या वर्षातून दप्तर गुंडाळून उसाच्या फडात गेली असती. त्यांना मनापासून लाज वाटली.

"जान्या, माफ कर. माले ट्रॅक्टरमधलं काहीच समजत नही. फक्त शिवता येस."

"माले माहीत व्हतं," रमिलाबाई म्हणाली. ती चाकामागचा दगड झटकून थैलीत घालत होती.

"माहीत व्हतं? मंग माले लयनात काबर?"

"यासना तुमनावर भरोसा, आन दर साले चहा पाजतस तुम्ही. नही कसं म्हणाना?"

दिवाळीच्या चार दिवस आधी जान्याने दुसरा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या सीटची स्प्रिंग बाहेर आलेली, रेक्झिनच्या चिंध्या. मुबीनभाईंनी तो दहा पावलांवरूनच नापास केला असता! पण पहाटे थंड इंजिनावर तो एका झटक्यात सुरू झाला, चढावर चढला, मध्येच उभा केला तसा उभा राहिला. दगड हातातच राहिला. मुकादमाला नाही म्हणून कळवलं. सुनिता शाळेत आहे.

सीट शिवायला ते मुबीनभाईंकडेच आले. सालेहाबींनी स्वतः उभं राहून फोम मोजला. रमिलाबाईने जाताना दगड दुकानात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. आमना घर दुसरा शे."

पाटी आता उतरवली आहे. तरी मुबीनभाईंकडे लोक येतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त येतात. परवाच प्रकाशा गावाकडचा एक शेतकरी आला. "भाई, जुना ट्रॅक्टर दखाले जाणं शे."

मुबीनभाईंनी सवयीने कॉलर नीट केली आणि चपला शोधू लागले. "चाला! कोठे जाणं शे?"

"तुम्ही बठा, तुम्ही बठा," तो घाईघाईने म्हणाला. "फक्त तो दगड द्या!"