धोंडूच्या चक्कीचं बेरिंग

चंद्रप्रकाशचा बेत इतका पक्का होता, की बँकेत ठेवला असता तर त्यावर व्याज मिळालं असतं!

नाहूरला पहिल्या मजल्यावर त्याचं घर आणि बरोबर खाली धोंडूची पिठाची चक्की. सकाळी ती सुरू झाली की वर फळीवरच्या बश्या एकमेकींशी भांडायला लागत. त्याची आई मालन या आवाजापायी वर्षानुवर्षं ओरडून बोलत आलेली. आता सवयीने देवाशीसुद्धा तशीच बोले. चंद्रप्रकाशला मात्र त्या धडधडाटात नफा दिसला. त्याखाली आपली इलेक्ट्रिक गिटार खुशाल लपवता येईल!

लपवणं भागच होतं. वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं, "आता एक जरी तक्रार इली, तरी ही गिटार भंगारवाल्याक!" भाऊ बोलले की करत. त्याचा कॅरम याच वाटेने गेला होता.

आणि रविवारपर्यंत उसनं पेडल घरात आलं होतं! मित्राचं, श्यामसुंदरचं; त्याचा मेहुणा बोटीवर होता, त्याने आणलेलं. साबणदाणीएवढी नारिंगी पेटी, वर पायाने दाबायचं बटण. गिटारची वायर पेटीत, पेटीची वायर स्पीकरला. बटण दाबलं की सरळ निघालेला सूर फाटून, भरडून, घर्रर्र करत बाहेर पडतो. हेवी मेटल म्हणतात ते हेच! रविवारी मालाडचा एक बँड चंद्रप्रकाशला ऐकून घेणार होता, आणि या आवाजाशिवाय तिथे त्याला कुणी उंबरा ओलांडू देणार नव्हतं.

मालन चेंबूरला बहिणीकडे गेली, भाऊ रॉकेलच्या रांगेला. चंद्रप्रकाशने स्पीकर म्हणून जुना वाल्वचा रेडिओ जमिनीवर उतरवला, त्याच्या पाठीत पेटीची वायर खुपसली. खाली चक्की सुरू झाली. त्याने गिटार गळ्यात घातली, बटण दाबलं आणि तार छेडली.

घर्रर्रर्रर्र!

अहाहा! जणू लोखंडी कपाट कुणीतरी जिन्यावरून ओढत नेतंय! डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. तो दुसऱ्यांदा हात उचलणार, तोच खालची चक्की बंद पडली. आडोसाच गेला! त्याने झटकन तारांवर पंजा ठेवला.

चक्की सुरू झाली. याने छेडली. चक्की बंद. याने पंजा ठेवला.

असं चार वेळा झालं. 'आज धोंडूला झालंय तरी काय?' असं वैतागून म्हणत चंद्रप्रकाश गॅलरीत आला. खाली पाहतो तो दिवाळीच्या भाजणीचे डबे घेऊन अख्खी कॉलनी उभी, आणि मधोमध धोंडू, भुवयांपासून बनियनपर्यंत पिठाने पांढरा, कपाळाला हात लावून!

"दगडाक दगड लागतासा वाटता!" तो रडकुंडीला आला होता. "चालू केलंय की घर्रर्र. बंद केलंय की आवाज गप!"

"परवाच छिन्नीने टाकी लावलीस ना दगडाला?" डब्यावर बसलेल्या कुंदाताई कडाडल्या. "माझ्या चकल्या काय पुढच्या दिवाळीला करू?"

"मेकॅनिकला बोलव ना रे!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"सणात खय गावतलो मेकॅनिक?"

चंद्रप्रकाशला उलगडा झाला. म्हणजे आपण चक्कीच्या आवाजात लपत होतो आणि ते चक्कीत आपलाच आवाज शोधत होते! खरं सांगावं, तर ही एक तक्रार नव्हे, डब्यागणिक एक तक्रार. गिटार गेलीच. न सांगावं, तर धोंडू चक्की उघडून बसणार. तो इकडे विचार करत राहिला आणि धोंडूने खरंच पाना काढला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून रॉकेलचा डबा घेऊन भाऊ आले.

भाऊ मिलमध्ये फिटर. यंत्राला नुसता कान लावून आजार सांगत, असं ते स्वतः सांगत. संपानंतर मिल उघडली ती यांच्याशिवाय. तेव्हापासून घरातला गळका नळ सोडला तर त्यांच्या कानाला काम नव्हतं.

"भाऊ, तुमीच बघा मा!" धोंडूने त्यांचे हातच धरले.

भाऊंनी डबा खाली ठेवला, बाह्या सारल्या, सगळ्यांना हाताने गप्प केलं. चक्कीला कान लावला. कुंदाताईंनी श्वास रोखला. वर चंद्रप्रकाशनेही.

"आता मुको आसा," भाऊ म्हणाले, "पण माका कळला. दगडाक काय एक झाला नाय. ह्यां बेरिंग!"

मग ग्रीस आलं. भाऊ आडवे झाले, आत हात घातला, काहीतरी पिळलं, दोन ठोके दिले आणि पीठ झटकत उठले. "कर चालू!"

चक्की धडधडली. सगळे कान टवकारून. वर चंद्रप्रकाश भिंतीला पाठ लावून, गिटार गादीवर, पेटीचं बटण बंद, स्वतःचे हात बगलेत दाबून. घर्रर्र नाहीच!

"वा भाऊ! तुम्ही होतात म्हणून चकल्या!" कुंदाताईंनी टाळ्या पिटल्या. धोंडू तर पाया पडायच्या बेतात होता.

भाऊ वर आले ते मिशांना पीठ आणि डोळ्यांत चमक घेऊन. चंद्रप्रकाशने त्यांना इतकं ताठ चालताना संपाच्या आधी पाहिलं होतं. त्या भरात ते नको तितके उदार झाले. "झिला, गिटार कित्या बाजूक ठेवलंस? वाजव! आज माझी ना नाय."

"नको भाऊ. मूड नाहीये."

"ह्यां काय नवीन?" असं म्हणत भाऊंनी नारिंगी पेटीचं बटण पायाच्या अंगठ्याने दाबलं.

गादीवरची गिटार रेडिओच्या तोंडाशीच होती. रेडिओच्याच गुणगुणीने तारा थरथरल्या आणि कुणी हात न लावता ती स्वतःच हंबरली.

घर्रर्रर्रर्र!

भाऊ थिजले. पेटीकडे पाहिलं. जमिनीकडे पाहिलं. मग मुलाकडे. त्या कानाला चक्कीचा आजार ओळखायला एवढं पुरे होतं. खाली चक्की बंद पडली. चंद्रप्रकाशने झडप घालून बटण दाबलं, तारा गप्प केल्या आणि मनातल्या मनात भंगारवाल्याशी भाव करायला लागला.

"भाऊऽऽ!" खालून धोंडूची आरोळी आली. "परत इलो आवाज! तुमी इलास की चालू करतंय, धावा!"

भाऊंनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. कुंदाताई मोठ्या विश्वासाने वर बघत होत्या. भाऊंनी कोनाड्यातला पाना उचलला, मिशांवरचं पीठ पुसायचं टाळलं आणि दारात जाऊन थांबले.

"मी थंय पोचलंय की वाजव," ते हळूच म्हणाले. "खोकलंय की बंद कर. समाजला?"

"हो भाऊ."

दोन पायऱ्या उतरून ते परत आले.

"आणि आयक. मी सगळ्यांका बेरिंग सांगलंय. तुझो आवाज चक्कीच्या पट्ट्यासारखो बारीक येता. जरा जाडी तार धर!"