जर्सीचा पायगुण

"त्या होलोवेला घोड्यांच्या बाजारात सोडा, तो तिथूनही गाढवच घेऊन येईल," असं म्हणत स्टॅन वोयचिकने तळलेल्या माशावर लिंबू पिळलं.

ईस्टरच्या आधीचा शुक्रवार होता आणि चर्चच्या हॉलमध्ये निम्मं गाव मासे खायला जमलं होतं. ग्रेडी होलोवे म्हणजे गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, स्टर्जन्सचा, जनरल मॅनेजर. दर एप्रिलमध्ये देशातले सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातली ताजी पोरं निवडतात. पहिल्या फेरीतलं पोरगं म्हणजे घरचा जावईच, त्याचं कौतुकही तसंच. होलोवेचे जावई मात्र एकामागून एक वाया गेले होते. यंदा निवड चुकली तर मालक त्याला नारळ देणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"टकर घेतला, त्याचा पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. ब्रॅनिगन घेतला, तो खेळ सोडून बकऱ्या पाळायला गेला. पेटिटच्या हातात चेंडू म्हणून ठरेना. आणि मॅकलिन..." मॅकलिनपाशी आलं की स्टॅनला शब्द सुचत नसत.

"तुम्ही हौसेने घेतलेल्या चौघांच्याही नावाच्या जर्सी आपल्या कपाटात आहेत," त्याची बायको लॉरेन म्हणाली. कपाटात जागा उरली नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

पण समोर बसलेल्या तिच्या भावाचा, रेचा, घास हातातच राहिला. "आणि ऑस्बी? तो एकटाच चांगला निघाला. त्याची जर्सी घेतली होती का, भावोजी?"

"नाही. तेव्हा माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं."

रेने घास परत ताटात ठेवला.

"म्हणजे होलोवेचं काही चुकत नव्हतं," रे सावकाश म्हणाला. "माणसं तो बरोबर आणत होता. त्यांना साडेसाती तुमची लागत होती."

स्टॅन हसला. बाकी कोणीच हसलं नाही.

सोमवारपर्यंत ही गोष्ट रेडिओवर पोचली. खेळाच्या दुकानात स्टॅन पायमोजे घ्यायला गेला, तर दुकानदार दारातच आडवा आला. "काका, राग मानू नका, पण माझ्याही पोटापाण्याचा प्रश्न आहे." न्हाव्यानेही त्याचे केस कापता कापता एकदा हळूच विचारलं, की दुसऱ्या एखाद्या संघावर त्याचं मन बसत नाही का.

निवडीच्या संध्याकाळी पबमध्ये टीव्हीवर स्टर्जन्सची निवड म्हणून डेरियस कोलचं नाव झळकलं आणि सगळा पब टीव्ही सोडून स्टॅनकडे वळला.

"शपथ घ्या, भावोजी," रे म्हणाला.

"या गावातल्या दुकानातून मी कोलची जर्सी घेणार नाही," स्टॅन म्हणाला. आनंदाच्या भरात त्याचे शब्द कोणी नीट तपासले नाहीत.

स्टॅनच्या मात्र ते जिव्हारी लागलं होतं. सरोवरावरच्या बोचऱ्या वाऱ्यात उभं राहून त्याने सबंध आयुष्य या संघासाठी घसा कोरडा केला, आणि तोच आता अपशकुनी ठरला. दुसऱ्या दिवशी तो गाडी काढून पार शेजारच्या जिल्ह्यात गेला आणि कोलची जर्सी घेऊन आला. मोसम सुरू झाल्यावर दर रविवारी ती जर्सी आत आणि वर जाड जॅकेट, अशा थाटात तो सामन्याला निघे.

"आणि पोरगं पडलं तर?" लॉरेनने विचारलं.

"तर भर चर्चमध्ये कबूल करीन. पण नाही पडलं, तर त्याच चर्चमध्ये सगळ्यांना उघडून दाखवीन."

पोरगं काही पडलं नाही. कोलच्या हातात चेंडू असा चिकटायचा की समोरचे संघ रडकुंडीला आले. गाव खूश झालं. लोक स्टॅनला बिअर पाजायचे आणि 'मनावर कसा ताबा ठेवलात' म्हणून त्याची पाठ थोपटायचे. तो मुकाट्याने बिअर प्यायचा आणि दिवस मोजायचा.

तो दिवस डिसेंबरात आला. चर्चच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी होती आणि खुद्द होलोवे बायकोला घेऊन आला होता. त्याला ठेवायचं की काढायचं, हे मालक त्याच आठवड्यात ठरवणार होते. स्टॅनने जॅकेटची चेन अर्ध्यावर आणली, तेवढ्यात रे माइकपाशी जाऊन उभा राहिला.

"होलोवेसाहेब, आम्ही तुम्हाला नाही नाही ते बोललो. तुमची पारख पहिल्यापासून सोन्यासारखी होती, तसं आम्ही सगळ्यांनी मालकांना कळवलंय. माती खाल्ली ती आमच्या भावोजींनी."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. स्टॅनचा हात चेनवरच थांबला. आता जर्सी दाखवली की तो सुटला. पण तो सुटला, की गुडघा, बकऱ्या आणि मॅकलिन पुन्हा होलोवेच्या गळ्यात. त्याने होलोवेकडे पाहिलं. माणूस वर्षभरात इतका वाळला होता की कोट त्याच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. बायकोने त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. स्टॅनला त्याची फार दया आली.

होलोवे हस्तांदोलन करायला पुढे आला आणि त्याची नजर अर्धवट उघड्या जॅकेटमध्ये गेली. आत कोलचा निळा आकडा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मॅकलिनला घेतलंत ना," स्टॅन त्याला हळूच म्हणाला, "त्या रात्री मी टेबलावर चढून नाचलो होतो."

"मीही," होलोवे म्हणाला.

स्टॅनने चेन थेट हनुवटीपर्यंत ओढली. "गारठा आहे हो हॉलमध्ये," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि चुकलं माझं. पुन्हा नाही घेणार." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. रेने तर डोळे पुसले.

होलोवेने त्याचा हात सोडला नव्हता. तो आणखी जवळ सरकला आणि स्टॅनच्या कानाशी वाकला.

"पुढच्या वर्षीही घ्या," तो कुजबुजला. "अशीच, आतून. आणि ही जर्सी मोसम संपेपर्यंत धुऊ नका."