मिशीची पैज आणि पोर्टची वाटी

"खरी पोर्ट वाईन जिभेला लागली की लगेच कळते. डोळे बांधा, तरी ओळखीन!" बोटवाले जिन्यात उभे राहून म्हणाले. जन्मभर जहाजावर स्वयंपाक केलेला माणूस. परत येताना एक बाटली आणली होती, ती सगळ्या मजल्यांना दाखवून झाली होती.

टेलर मास्तरांची जीभ खाजलीच. "ब्रँडी घालून कडक केलेली वाईन ना ती? घरातल्या सामानातून बनवतो, ओळखून दाखवा!"

"हरलात तर?"

"मिशी उतरवीन! भर अंगणात."

"मान्य. मी चुकलो तर माझी."

शेजारीपाजारी टाळ्या पिटत होते, तेव्हा कुठे मास्तरांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. मिशी म्हणजे मास्तरांचा जीव. गिऱ्हाईक मापं द्यायला यायचं आणि मिशी बघत बसायचं.

ठरलं असं, की रविवारी दोघांनी मश्रूमचा सॉस करायचा. एकात बाटलीतली पोर्ट, दुसऱ्यात मास्तरांची.

मास्तरांनी काळ्या द्राक्षांचा रस आटवायला ठेवला आणि मिशीला तेल लावायला आरशापुढे गेले. परत येतात तो रसाचा डिंक! पाणी ओतलं, रस पांचट झाला. व्हिनेगर ओतायला गेले, तर बाटलीचं झाकणच आत पडलं आणि मागोमाग अर्धी बाटली. मग साखर. मग साखर मारायला काळा चहा, चहा मारायला मिरी. कापड कमी पडलं की ठिगळ, हा धंद्यातला नियम त्यांनी इथेही लावला. वाटीतलं प्रकरण पातेल्यात गेलं, पातेल्यातलं डेगीत.

"अहो, वाईन करताय की कपडे रंगवताय?" बायकोने विचारलं.

"तू गप गं! चाखून बघ."

तिने चाखलं. एक डोळा आपोआप मिटला. "झकास!" ती म्हणाली. "तुम्ही आंघोळ करून या, मी तेवढं ढवळते."

संध्याकाळी अंगणात टेबल मांडलं. बोटवाल्यांचे डोळे बांधले. पहिला चमचा त्यांच्याच सॉसचा. ते थबकले, तोंड वाकडं झालं. दुसरा चमचा मास्तरांचा. चेहरा असा फुलला, जणू बोट बंदराला लागली.

"हीच! हीच खरी पोर्ट!"

मास्तरांनी जागेवर उडी मारली. "चुकले! तो माझा सॉस! आणा वस्तरा!"

बोटवाल्यांनी पट्टी काढली आणि दोन्ही हातांनी मिशी झाकली.

"थांबा," मास्तरांची बायको म्हणाली. "ते बरोबर आहेत."

"म्हणजे?"

"तुमचं ते रसायन लोकांच्या पोटात घालायचं होतं का मी? वहिनींकडून खरी पोर्ट आणली आणि तुमच्या सॉसात तीच घातली."

"आणि बाटली रिकामी दिसली असती तर आमच्या ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं," बोटवाल्या वहिनी शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तुमचं रसायन बाटलीत भरून ठेवलं. यांच्या सॉसात तेच गेलं."

अंगण हसून लोळायला लागलं. मास्तर मात्र बायकोकडे बघतच राहिले. "अगं, तू माझ्या बाजूची ना?"

"लग्नापासून ती मिशी चहात बुडताना बघतेय मी. असा मोका परत कधी यायचा?"

पैज म्हणजे पैज. खुर्ची आली, साबण आला. वस्तरा बोटवाल्यांनी स्वतः चालवला, गाणं गुणगुणत. शेवटचा केस पडला, मास्तरांनी तोंड पुसलं आणि पडलेल्या चेहऱ्याने बायकोकडे वळले.

ती दोन पावलं मागे सरली. हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"अगं बाई! हुबेहूब सासूबाई!"

सगळं अंगण थक्क झालं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आजपासूनच परत वाढवा."