शालिकभाऊंचं अर्धं वाक्य

शालिकभाऊ बोलत असताना समोरच्यानं फोनकडे पाहिलं की त्यांचं वाक्य जिथं असेल तिथं थांबतं. ते रागावत नाहीत. "होऊ दे तुहं अगोदर," म्हणतात आणि अंगणातल्या आंब्याच्या झाडाकडे पाहत बसतात. उरलेलं वाक्य तुम्हाला मिळतं, पण त्यांच्या सवडीनं.

मूल गावात आमची घरं एका भिंतीला लागून आहेत. भाऊ जंगल खात्यात गार्ड होते. त्यांची बायको मंदाबाई काही वर्षांपूर्वी वारली. एकदा अंगणात वाघाची गोष्ट रंगात आली होती. "वाघ धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभा, अन् मी..." एवढ्यात माझा फोन वाजला आणि माझी नजर खाली गेली. परत वर पाहिलं तर भाऊ गप्प. "मग काय झालं?" म्हणून मी दोनदा विचारलं, पण उत्तर आलं नाही. पुढे आठवडी बाजारात मी वांगी निवडत होतो, तर मागून माझा दंड धरून त्यांनी सांगितलं, "...चपला हातात घेऊन उभा." आणि ते मेथीकडे वळले. भाजीवालीनं मला विचारलं, भाऊंची तब्येत बरी आहे ना?

या सवयीनं त्यांच्या पुतणीचं लग्न मोडता मोडता राहिलं. भद्रावतीहून पाहुणे आले होते. बोलणी भाऊच करत होते. "पोरगी शिकलेली आहे, सोभावानं गरीब आहे, पन..." म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच नवरदेवाच्या बापानं फोन काढला. झालं. तो "पन" तसाच हवेत राहिला. पुतणीच्या आईनं दारामागून खाकरून पाहिलं, कपबशा वाजवून पाहिल्या. पाहुणे चहा पिऊन निघून गेले, पण त्या "पन"नं त्यांची झोप उडवली. शेवटी बाप एकटाच परत आला. या वेळी फोन खिशात ठेवून, हात जोडून भाऊंसमोर बसला. भाऊंनी वाक्य पुरं केलं, "पन तिले तिखट सोसत नाई." त्या माणसानं एवढा मोठा श्वास सोडला की लग्न तिथंच ठरलं.

गाव त्यांना हसतं. मीही हसत होतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई गेली. पहिले काही दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मग माणसं कामाला लागली, आणि दुपारी मी एकटाच ओसरीवर बसू लागलो. शालिकभाऊ जेवण करून यायचे, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. आईचं नाव नाही, धीराचा शब्द नाही, इकडचं तिकडचं नाही. ऊन उतरलं की उठून जायचे. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. काहीतरी बोलावं म्हणून मी धानाच्या भावाचा, पाण्याचा विषय काढायचो. ते मान हलवायचे. हळूहळू मीही विषय काढायचा सोडला. मग दुपार झाली की मी त्यांची वाट पाहू लागलो.

एका दुपारी मी विचारलं, "भाऊ, तुम्ही रोज येता. बोलत तर काहीच नाही."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाले, "मंदा गेली तवा तिच्या भावाले सिरोंच्याहून याले वेळ लागला. दिवसभर तिले तसंच ठेवलं होतं. घर लोकाईनं भरलं होतं. गेले नाईत कोणी, बसून होते बिचारे. पन सारेच आपापल्या फोनात पाहून राह्यले होते. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहो. वाटे, एखाद्यानं मान वर करावी. बोलावं असं नाई. फक्त पाहावं माह्याकडे."

मंदाबाईंना नेलं त्या दिवशी त्या अंगणात मीही होतो का, हे मला आठवेना. विचारायची हिंमत झाली नाही.

आईला अग्नी देताना मला रडू आलं नव्हतं. ते आता आलं, आणि आवरेना. भाऊंनी मला गप्प राहा म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. आतून माझी बायको पाणी घेऊन आली, तिलाही त्यांनी हातानंच थांबवलं. आणि माझं रडणं आपोआप संपेपर्यंत ते माझ्याकडे पाहत बसून राहिले.