गावंडेताईंची बिनहत्यारी बाई

गावंडेताईंनी एका मांत्रिकाला सोळा दिवस गावाच्या वेशीत नुसतं उभं करून ठेवलं होतं. त्याच्याकडे खर्चायला पाच गुण होते आणि ते कशावर खर्चावेत हे ताईंचं ठरत नव्हतं. बाहेर माळावर राक्षसांनी धुमाकूळ घातलेला, गावकरी काकुळतीला आलेले, आणि हा बिचारा दाढी सावरत, हातात काठी धरून, या पायावरून त्या पायावर भार टाकत उभा. न राहवून मी म्हटलं, की ताई, याला निदान कुठेतरी बसू तरी द्या.

"राहू दे त्याले उभा," त्या म्हणाल्या. "एकदा देल्लेला गुण वापस येत नाही. घाईघाईत वाटोळं करू काय त्याचं?"

हा सगळा मामला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा. ज्यांनी असले खेळ खेळलेले नाहीत त्यांना थोडक्यात सांगते. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला माळावर, गुहांत, तळघरांत हिंडवायचं आणि दिसेल तो राक्षस मारायचा. थोडे राक्षस मारले की पात्र एक पायरी वर चढतं आणि आपल्याला पाच गुण मिळतात. ते ताकदीवर घालायचे, चपळाईवर घालायचे, की प्राणशक्तीवर, हे आपलं आपण ठरवायचं. घातले की घातले, मग देव आला तरी ते बदलत नाहीत. खेळणाऱ्यांच्या भाषेत या वाटणीला 'बिल्ड' म्हणतात. ताई त्याला 'आहारतक्ता' म्हणायच्या, कारण चंडीगडच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्या पंचवीस वर्षं आहारतज्ज्ञ होत्या आणि कुणाला काय, किती आणि कधी द्यायचं, याशिवाय जगात दुसरा प्रश्नच नाही अशी त्यांची समजूत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कराडहून युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्राच्या एका प्रकल्पावर आले होते. सेक्टर पंधरात एका बीजींच्या, म्हणजे वयस्कर पंजाबी घरमालकिणीच्या, घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, मध्ये एक भिंत आणि पुढे सामाईक गच्ची. एका खोलीत मी आणि दुसरीत गावंडेताई. मूळच्या वऱ्हाडातल्या दर्यापूरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं, तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी सांगितलं, की मी कोणाच्या काकाची बायको नाही, मले ताई म्हण. संध्याकाळी गोळाभाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यानंतर मी त्यांच्या तावडीतून सुटले नाही.

कॉम्प्युटर त्यांनी रुग्णांचे तक्ते घरी करता यावेत म्हणून घेतला होता. तो जोडून देणाऱ्या हरप्रीतनं, भाजीवाला जशी वर कोथिंबीर टाकतो तसा, हा खेळ त्यात फुकट टाकून दिला. हरप्रीत हा पंचविशीचा, निळी पगडी बांधणारा, हसरा सरदार. त्याचं एकच म्हणणं होतं. सगळे गुण ताकदीवर घाला, समोरचा मेला की प्रश्न मिटला. ताईंना हे मत अडाणीपणाचं वाटायचं. मशीन दुरुस्त करायला तो आला की डब्याचं झाकण उघडं पडायचं, स्क्रू चहाच्या बशीत पडायचे आणि दोघांचं तासतासभर चालायचं.

"मारणं काय, कोणीही मारते," हे ताईंचं पालुपद. "जिवाले काय लागते ते पाह्य आधी." हरप्रीतला त्या हे हिंदीत सांगायच्या. ते हिंदी ऐकून बीजी जिन्यात थांबून हसायच्या.

खेळ बनवणाऱ्यांवर तर ताईंचा दातच होता. एवढा मोठा गाव उभा केला, त्यात लोहार आहे, वैदू आहे, जादूच्या काठ्या विकणारी म्हातारी आहे, पण कुणाच्या घरी चूल म्हणून नाही. माणसं जगतात कशावर? कावळा मारला तर त्याच्या पोटातून अख्खं चिलखत बाहेर पडतं, ते त्यानं गिळलं कसं? आणि नायक एका मिनिटात आठ बाटल्या औषध पितो, त्याच्या मूत्रपिंडाचं काय? या सगळ्यावर त्यांनी फुलस्केपची चार पानं इंग्रजीत लिहून विमानाच्या टपालानं अमेरिकेला धाडली. 'माननीय निर्माते यांस' अशी सुरुवात आणि शेवटी गावासाठी आठवड्याचा समतोल आहार. उत्तर आलं नाही. ताई म्हणाल्या, की विचार करून राहिले असतील.

मला खेळाचं वेड नव्हतं. मी शेजारधर्म म्हणून बघायला बसायचे. पण चंडीगडच्या हिवाळ्यात रविवारी माणसानं करायचं तरी काय? अकरापर्यंत धुकं. मग हळूहळू गच्चीवर ऊन उतरायचं, आम्ही किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, सोलत बसायचो, आणि दुपारी ताईंच्या खोलीत पडदे ओढून तो दुसरा मुलूख सुरू व्हायचा. तिथं सतत बारीक पाऊस पडत असायचा. ताई पात्राला कधी पळवत नसत, चालवत नेत. एखादा पूल लागला की थांबत आणि कठड्यावरून पाणी बघत राहत. राक्षस येईपर्यंत बघत. "नदी किती सुंदर केली मेल्यांनी," त्या म्हणायच्या, "आणि मासा एक नाही तिच्यात."

त्या खेळात नकाशा काळा असायचा. तुम्ही चालाल तेवढाच उजळायचा. सोमवारी सकाळी धुक्यातून युनिव्हर्सिटीकडे निघाले की मला शहरही तसंच वाटायचं. चार पावलांवरचं झाड दिसायचं, मग एक गोल चौक, मग पुन्हा काही नाही. सेक्टरांचे ते चौकोन मी चालले की एकेक करून तयार होत आहेत, आणि मागे वळले तर तिथं काहीच नसेल, असं वाटून मी कितीदा तरी उगाच सावकाश चालले. घरची आठवण त्या दोन वर्षांत मला फारशी आली नाही. याचं श्रेय मी त्या पावसाला देते.

पुढे हरप्रीतकडून मीही एक जुनी मशीन घेतली. त्यानं मधल्या भिंतीतल्या झरोक्यातून वायर टाकून दोन्ही खोल्या जोडून दिल्या, म्हणजे दोघींना एकाच माळावर हिंडता यावं. ताईंनी सोळा दिवसांचा तो मांत्रिक तसाच वेशीत सोडला आणि स्वतःसाठी एक बाई घेतली. तिच्याकडे हत्यार म्हणून नव्हतंच. तिचे सगळे गुण दुसऱ्याच्या उपयोगाचे. तिच्या आसपास जो उभा असेल त्याच्या जखमा आपोआप भरायच्या, त्याला बळ यायचं, त्याच्यावर पडणारा घाव अर्ध्यावर यायचा. हरप्रीतनं ती बघून कपाळाला हात लावला. ये अकेली मक्खी नहीं मार सकती, म्हणाला. ताई म्हणाल्या, तो अकेली जाएगी क्यों?

मला त्यांनी एक लढवय्या दिला आणि त्याचा तक्ता स्वतः लिहून दिला. मी डोळे मिटून त्याबरहुकूम गुण घालत गेले. आमचा लढवय्या मारायला वाघ होता. पण मला घाई फार. पुढे गेले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "दहा पावलांच्या आत राह्य, शुभा." मी ऐकायचे नाही आणि पटकन मरायचे. मग ताई येईपर्यंत प्रेत होऊन पडून राहायचं आणि वर बोलणी खायची. खेळच मोठा अवघड आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

ताईंबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. चंडीगडमधला मराठी माणूस हा बहुधा बदलीवर आलेला माणूस. चंडीमंदिरच्या छावणीतले फौजी, हवाई दलातले, इस्पितळात शिकायला आलेले डॉक्टर, सगळे दोन-तीन वर्षांचे पाहुणे. आले की ताईंचा गोळाभात, निघाले की स्टेशनवर ताईंचा डबा. कुणाची बदली कधी हे त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात लिहून ठेवत. पहिल्या वर्षी पत्रं येत, दुसऱ्या वर्षी दिवाळीचं कार्ड, आणि तिसऱ्या वर्षी तिथं नवीन कुणी आलेलं असे. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि कळणं यात माझ्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर राहिलं आहे.

जानेवारीत मला पुण्याच्या एका कॉलेजात नोकरी लागल्याचं पत्र आलं. महिन्याभरात रुजू व्हायचं होतं. मी ताईंना सांगितलं. चांगलं झालं, म्हणाल्या, तारीख विचारली आणि कॅलेंडरवर लिहिली.

लढवय्याला पुण्याला न्यावं म्हणून मी हरप्रीतला तो फ्लॉपीवर उतरवून द्यायला सांगितलं. त्यानं त्याचे आकडे उघडले आणि बराच वेळ बघत बसला. हे कुणी केलं, विचारलं. गावंडे मॅडमनी, मी म्हटलं. "मॅडम ऐसी गलती नहीं करती जी," तो म्हणाला, आणि त्यानं मला दाखवलं. तिसऱ्या पायरीपासून पुढे माझ्या लढवय्याच्या प्राणशक्तीवर एकही गुण घातलेला नव्हता. 'जिवाले काय लागते' म्हणणाऱ्या बाईनं माझ्या माणसाच्या जिवाला काहीच दिलं नव्हतं. ताईंच्या बाईजवळ उभा असेल तर तो शूर, नाहीतर गांधीलमाशी चावली तरी संपला असता. हरप्रीतनं पगडीवरून हात फिरवला. "ये दोनों मिलके एक बंदा है जी," म्हणाला.

मला राग आला. इतके महिने मी मूर्खासारखी मरत होते आणि त्याबद्दल बोलणीही खात होते. तशीच बाहेर गेले. ताई गच्चीवर मटार सोलत होत्या. मी त्यांच्याच अक्षरातला लढवय्याचा तक्ता त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, की हे काय आहे. त्यांनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

"हाव, मुद्दामच केलं," त्या म्हणाल्या. "तुले एकटीनं जमलं असतं, तं तू कायले खेळली असती माह्यासंगं दर रविवारी?"

नाही हो ताई, खेळलेच असते, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ते खरं नव्हतं. सुरुवातीला खरंच नसते खेळले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी लाज वाटायला लागली. मी खाली बसले आणि मटार सोलू लागले. त्या दिवशी आम्ही गरजेपेक्षा दुप्पट मटार सोलले.

चार दिवसांनी त्यांनी मला नवीन तक्ता दिला. एकच पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं. यात एक बाई होती, भालेवाली. जखमा तिच्या तिनंच भरायच्या, बळ तिचं तिनंच वाढवायचं. "हे ने पुण्याले," ताई म्हणाल्या. "हिले कोणाची गरज नाही लागत." त्यानंतरचे सगळे दिवस युनिव्हर्सिटीतून आल्यावर मी तिला वाढवत होते आणि ताई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून गुण कुठे घालायचे ते सांगत होत्या. त्यांची बिनहत्यारी त्या दिवसांत त्यांनी एकदाही सुरू केली नाही.

निघायच्या आधीचा रविवार आला. शेवटचा राक्षस तेवढा राहिला होता. आजवर तिथपर्यंत आम्ही दोघी मिळूनही पोचलो नव्हतो. ताईंनी झरोक्यातली वायर आपल्या हातानं काढून गुंडाळली. आज मी येत नाही, म्हणाल्या, तुझी तू जा, जमते का ते पाहू. मग आपल्या खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

मी भालेवालीला आत सोडलं. काय सांगू, ती बाई म्हणजे ताईंच्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम होतं. राक्षसानं आग ओकली, तिच्या अंगावर चरा उमटला आणि भरून आला. तिनं भाला फिरवला की तो दोन पावलं मागे सरत होता. पाच मिनिटांत त्याचा जीव बोटभर उरला. पडद्याच्या फटीतून दुपारचं ऊन माझ्या पायांवर पडलं होतं. पलीकडे अगदी शांत होतं. भांड्याचा आवाज नाही, रेडिओ नाही. ताई भिंतीला लागून बसल्या असणार हे मला न बघता कळत होतं.

"जमते नं, शुभा?" भिंतीतून आवाज आला.

मी माऊसवरचे, कळांवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

राक्षस भालेवालीला बडवायला लागला आणि ती मरेचना. ताईंचा तक्ताच तसा होता. तो मारायचा, तिच्या जखमा भरायच्या, तो पुन्हा मारायचा, आणि ती भाला टेकवून आपली उभी. मला हसू येत होतं.

"नाही जमत, ताई," मी म्हटलं.

चपला वाजल्या, दार उघडलं. ताई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं, तिथं भालेवाली मार खात होती. मग माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं.

"माहाच हिशेब चुकला असन कुठंतरी," त्या म्हणाल्या. "सरक जराशी."

आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या.