बोलिंग मशीनचं कूळ

मशीन कुठलंही असू द्या, पाच मिनिटांत मी त्याचं कूळ सांगतो! तेवीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय. शेजारी कुणी टीप घालत असलं, तरी नुसत्या आवाजावरून कंपनी ओळखतो. त्यामुळे सासऱ्यांच्या गॅरेजमधलं पिना उडवायच्या बोलिंग खेळाचं जुनं मशीन मी पाहिलं आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, "आठ दिवसांत नावागावासकट चालू करून देतो!"

बायकोनं फक्त सुस्कारा सोडला.

दोन पलंग एकापुढे एक लावावेत एवढी त्याची लाकडी पट्टी. टोकाला काचेचं कपाट आणि त्याखाली टांगलेल्या दहा पांढऱ्या पिना. चेंडू खालून घरंगळत गेला की पट्टीतल्या तारा दाबल्या जायच्या, पिना फटाफट वर उचलल्या जायच्या आणि घंटा वाजून गुण पडायचे. सासरे जन्मभर एका गेम पार्लरमध्ये मेकॅनिक होते. पार्लर बंद पडलं तेव्हा त्यांनी एवढं एकच मशीन घरी आणलं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं गेलं, बोलणं गेलं. मागे राहिला एकच शब्द.

"जेवलात का, बाबा?"

"नाही." तोंडात घास असताना!

"झोप लागली?"

"नाही." तासभर घोरून उठल्यावर!

हळूहळू आम्ही तो शब्द ऐकेनासे झालो. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचं काहीतरी कानावर पडू द्या. बाकी सगळं करून झालं होतं. म्हणून बायकोनं मला या मशीनला हात लावू दिला.

गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून आम्ही बाबांना बसवायचो. पट्टीखाली मला एका कंपनीचा बिल्ला सापडला.

"सापडली कंपनी!" मी ओरडलो.

"नाही," बाबा म्हणाले.

"पाणी हवंय का त्यांना?" मी बायकोला विचारलं.

कपाटाच्या आत दुसऱ्याच कंपनीचा बिल्ला निघाला. मोटारीवर तिसऱ्याच! मी न डगमगता ठरवलं, पहिला खरा, बाकीचे कुणा अडाण्यानं चिकटवलेले. त्या कंपनीच्या मशीनचा जुना नकाशा मिळवला आणि वायरिंग त्याबरहुकूम सुधारायला बसलो. घंटेजवळ तांब्याची एक वाकडी पट्टी होती. नकाशात तिचा पत्ताच नव्हता. मी ती उपटली.

"नाही! नाही!"

"अहो, ते चिडलेत," बायको म्हणाली.

"उकडत असेल. पंखा लाव."

आणि मग मी कहर केला. जुन्या खेळांच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं, 'अत्यंत दुर्मीळ नमुना, ओळख पटवली आहे.' रविवारी सकाळी तिथले साहेब आले, कडक इस्त्री, लांब टाय, काखेत नोंदवही. मी बटण दाबलं. दिवे लागले. बायकोचे डोळे भरून आले. मी ऐटीत चेंडू सोडला, दहाही पिना वर गेल्या आणि घंटा वाजू लागली.

वाजतच राहिली! शाळा सुटल्यासारखी, आग लागल्यासारखी!

"हे असंच असतं का?" साहेबांनी कानावर हात ठेवत विचारलं.

"दुर्मीळ आहे ना!" मी ओरडलो.

साहेब बघायला वाकले. दहाही पिना खाडकन खाली आल्या आणि त्यांनी साहेबांचा टाय धरला. सुसरीनं बकरू धरावं तसा! साहेब लाकडी पट्टीवर गाल टेकवून आडवे. बायको टाय ओढतेय, साहेब "ओढू नका, गळा!" म्हणताहेत आणि प्लग मशीनच्या मागे, जिथे मांजरही शिरणार नाही.

तेवढ्यात खुर्ची करकरली. बाबा उभे राहिले होते.

बायकोनं टाय सोडला. लाकडी पट्टीची कड धरून, डावा पाय फरपटत, बाबा एकटे चालत आले. आम्ही कुणी हललो नाही. साहेबांना तर हलताच येत नव्हतं. बाबांनी कपाटाखाली हात घालून काहीतरी फिरवलं. पिना उचलल्या गेल्या, साहेब सुटले. मग बाबांनी माझ्यासमोर तळवा पसरला. मी भंगाराच्या डब्यातून तांब्याची पट्टी शोधून त्यावर ठेवली. त्यांनी ती जागेवर बसवली.

घंटा थांबली. शांततेत मोटारीची संथ घरघर तेवढी राहिली. बाबा मान तिरकी करून ऐकत होते.

"नेमकं कुठल्या कंपनीचं आहे हे?" साहेबांनी गळा चोळत मला विचारलं. मी तीन बिल्ल्यांकडे पाहिलं.

बाबांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

"बाबा," बायकोनं विचारलं, "तीन मोडकी मशीनं जोडून तुम्ही बनवलंत हे?"

बाबांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग शब्द आला.

"हो."

बायको त्यांच्या गळ्यात पडली. मी खिळे वेचण्याच्या निमित्तानं खाली वाकलो, कारण डोळे पुसायला मला आडोसा हवा होता.

साहेबांनी नोंद पूर्ण करून मला सहीला दिली. 'निर्माता' या रकान्यात सासऱ्यांचं नाव होतं. 'दुरुस्ती' या रकान्यातही त्यांचंच. माझं नाव होतं, पण जरा खाली, 'आढळलेले दोष' या सदरात.

मी सही केली. नाकारण्यासारखं काही नव्हतंच!